रक्ताच्या नात्यात पडू नये

लोकांच्या घरच्या भांडणात पडायचं नाही, हा नियम मी आजवर कसोशीने पाळत आलोय. समोर नवरा-बायकोची जुंपली की मला फोनची रेंज शोधायला बाहेर जावं लागतं. बाप-लेकाचं वाजलं की भिंतीवरचं कॅलेंडर एकदम वाचनीय वाटू लागतं. असा मी, गेला महिनाभर व्हॅम्पायरांच्या एका घराण्यात निरोपाची ने-आण करतोय. तीही स्वतःच्या खिशातून पैसे भरून.

त्याचं असं झालं. स्कायरिम हा व्हिडिओ गेम आला नोव्हेंबर 2011 मध्ये आणि त्याची डॉनगार्ड ही पुरवणी आली 2012 मध्ये. दोन्ही मी खेळतोय आत्ता. 'पुरवणी' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. शाळेत पेपर सुरू होऊन तासभर झाला नाही तोच काही मुलं उभी राहून पुरवणी मागायची आणि आमच्या पोटात गोळा यायचा. मी कधीच मागितली नव्हती. आता मागितली, तर मूळ पेपर अर्धा कोरा. म्हणजे जग गिळायला निघालेला ड्रॅगन वर आभाळात घिरट्या घालतोय, त्याचा बंदोबस्त फक्त मीच करू शकतो असं सगळे मला सांगताहेत, आणि मी लोकांच्या टेबलांवरची चीजची चाकं पिशवीत भरतोय. पात्राला 300 वजन उचलता येतं. त्यातलं 280 माझ्याकडे कायम असतं आणि त्यातलं कामाचं काय, ते विचारू नका.

पात्र लेव्हल 10 ला पोचलं की रस्त्यातले पहारेकरी सांगू लागतात, व्हॅम्पायर मारणाऱ्यांची एक फौज उभी राहतेय, भरती चालू आहे. मी गेलो. या फौजेचा म्होरक्या इसरान. टक्कल, दाढी आणि जन्मतःच कुणीतरी उसने पैसे बुडवल्यासारखा चेहरा. त्याच्या लोकांनी मला एक क्रॉसबो दिला आणि कामाला लावलं: एका गुहेत व्हॅम्पायर काहीतरी शोधताहेत, ते काय आहे बघून ये.

गुहेच्या तळाशी एक भलंमोठं दालन, मधोमध चौथरा, चौथऱ्यावर दगडी खांब आणि खांबावर एक बटण. बटण दिसलं की दाबायचं, हा माझा दुसरा नियम. दाबलं, तर खालून खिळा आला आणि तळहातातून आरपार गेला. खुर्चीत बसलेल्या मी खरा हात झटकला. मग चौथऱ्याभोवती जांभळ्या ज्वाळा उठल्या आणि कळलं, की आजूबाजूच्या जड शेगड्या ढकलून योग्य जागी न्यायच्यात. खिळ्याचं मला काही वाटलं नाही, पण ते ढकलणं! एक शेगडी पुढे, दुसरी मागे, पहिली परत मागे. सामान हलवताना 'जरा डावीकडे, नको, होतं तिथंच बरं दिसतंय' असं सांगणारं कुणीतरी असतं ना, ते या गुहेत मरून पडलं असावं. अर्ध्या तासानं दगड उघडला आणि आतून एक मुलगी बाहेर आली. पाठीवर भविष्यवाणीची भलीमोठी गुंडाळी. मला वाटलं आता लढाई. ती म्हणाली, मला घरी जायचंय.

ही सेराना. किती वर्षं आत होती, तिलाच ठाऊक नाही. शेजारच्या सिरोडिल प्रांतात साम्राज्य आहे म्हटल्यावर ती चक्रावली, यावरून काय तो अंदाज करा. व्हॅम्पायर मारायच्या नोकरीचा पहिलाच दिवस आणि मी एका व्हॅम्पायरला घरपोच सोडायला निघालो होतो. इसरानला काय सांगायचं, याची वाक्यं मी वाटेत जुळवत होतो.

घर म्हणजे समुद्रातल्या बेटावरचा किल्ला. आत पंगत बसलेली, ताटांत काय होतं ते सांगत नाही. समोर तिचा बाप, लॉर्ड हार्कन. इतक्या वर्षांनी पोटची पोर दारात उभी. आणि या गृहस्थाने पहिला प्रश्न काय विचारला असेल? 'माझी गुंडाळी आणलीस ना?'

एवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "बाप आहे का कोण आहे हा!"

बायको. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला ती या खोलीत आली होती. माझ्या खेळाकडे तिने आजवर ढुंकून पाहिलं नव्हतं. 'कोण मेलं?' आणि 'आवाज कमी कर' एवढाच आमचा या विषयावरचा संवाद. आता मात्र उशीचा अभ्रा हातात तसाच धरून ती पडद्याकडे बघत उभी होती. "जेवलीस का, बरी आहेस का, काही नाही? आधी कागदपत्रं?"

हार्कनने मला बक्षीस देऊ केलं: माझं रक्त घे, आमच्यातला हो. पंख मिळतील, अमर होशील. नाकारलं तर चालता हो. अनेक लोक इथं हो म्हणतात, मला कळतं. पण व्हॅम्पायर झालं की उन्हात जखमा भरून येत नाहीत, आग जास्त भाजते, आणि ते पंखवालं रूप घेतलं की ना मेलेल्याचे खिसे तपासता येत, ना अरुंद दारातून धड जाता येत. खिसेच तपासायचे नसतील तर मी हा खेळ कशाला खेळू? मी नम्रपणे नको म्हटलं. हार्कनने मला किल्ल्याबाहेर फेकलं.

"बरं झालं," बायको म्हणाली. "अशा घरात पाणीसुद्धा पिऊ नये."

इथून पुढे खरी पीडा. आता व्हॅम्पायर रात्री-बेरात्री गावांवर चालून येऊ लागले. त्याचंही काही नाही, मी असतो ना. पण या गावातले लोक! रात्री मी व्हाईटरनच्या वेशीतून आत शिरतो, अंधारातून दोन व्हॅम्पायर आणि त्यांची कुत्री येतात, आणि ज्यांनी दाराला कडी लावून गप्प बसावं ती सगळी माणसं सुरा नाचवत त्यांच्या अंगावर धावत जातात. लोहारीण धावते. औषधवाली धावते. जुनापाना माल घेणारा बेलेथॉर, जो एरवी एका नाण्यासाठी जीव टाकेल, तोही जीव टाकायला धावतो. वाचतो कोण, तर चौकात पुतळ्याखाली दिवसभर घसा फोडून प्रवचन देणारा हाइमस्कर. त्याच्या केसाला धक्का लागत नाही.

बेलेथॉर गेला त्या रात्री मी खरंच हळहळलो. माझी 280 वजनाची अडगळ आता कोण घेणार? शिवाय इथं ओळखीचं माणूस गेलं की कधीकधी जासूद पत्र घेऊन येतो, की मृताने तुमच्या नावे अमुक रक्कम ठेवली आहे, कर वजा करून सोबत पाठवत आहोत. व्हॅम्पायर हिंडताहेत, ड्रॅगन घरं जाळताहेत, पण कर कापून घ्यायला माणूस जागेवर आहे. शेवटी मी रात्री गावात शिरायचंच सोडलं. वेशीबाहेर थांबायचं, 'सकाळपर्यंत वाट बघा' निवडायचं, उजाडलं की आत. गावाचा तारणहार रात्रभर वेशीबाहेर कुडकुडतोय, आणि गाव सुरक्षित आहे ते त्यामुळेच.

मग सेराना परत आली. म्हणाली, बापाचं डोकं फिरलंय, त्याला भविष्यवाणीतल्या धनुष्याला माझं रक्त लावून सूर्य कायमचा काळवंडायचाय, आईने म्हणूनच मला त्या दगडात लपवलं होतं, आता आईला शोधू या. इसरान तिच्याकडे बघत होता आणि मी कॅलेंडर शोधत होतो. भिंतीवर नव्हतं.

सेराना सोबतीला चांगली, हे कबूल. मरत नाही. उन्हात डोक्यावर टोपडं ओढते. लाकूड कापायची जागा दिसली की कापत बसते, खुर्ची दिसली की टेकते. पण एक खोड वाईट. मेलेल्यांना उठवते. मी जिवाच्या आकांताने दरोडेखोर मारावा, त्याचे बूट काढायला वाकावं, आणि बूट माझ्या हातासमोरून उठून चालू लागावेत.

किल्ल्याच्या मागल्या अंगणात आम्ही चोरून शिरलो. तिथं तिच्या आईची बाग होती. आता नुसतं रान. सेराना वाळलेल्या वाफ्यांपाशी थांबली आणि आई इथं कशी राबायची, ते सांगू लागली. मला कोड्याचे तुकडे शोधायचे होते, मी पुढे सटकलो. "थांब ना," मागून बायको. "तिला बोलू दे." मी थांबलो. तोवर घड्या संपल्या होत्या आणि तिने खुर्ची ओढली होती.

आई, व्हॅलेरिका, कुठं लपलेली? तर सोल केर्न नावाच्या आत्म्यांच्या माळावर, जिथं जिवंत माणसाला जाताच येत नाही. एक तर व्हॅम्पायर व्हा, नाहीतर आत्म्याचा तुकडा काढून द्या. मी तुकडा दिला. तेवढ्याने पात्राची ताकद घटली आणि ती अडगळ घेऊन मी जांभळ्या विजांखाली चालत निघालो. पोचलो, तर आई जादूच्या पडद्याआडून माझीच उलटतपासणी घेऊ लागली. व्हॅम्पायर मारणारा माझ्या मुलीसोबत काय करतोय? हेतू काय? मी मनात म्हटलं, बाई, माझा हेतू बेलेथॉरला चीज विकण्याचा होता.

"बरोबर आहे तिचं," बायको म्हणाली. "कुणाबरोबर फिरते पोरगी, विचारणारच आई."

"तिने पोरीला दगडात कोंडलं होतं."

"कुणापासून वाचवायला?"

"विचारलं होतं का पोरीला?"

"तुला मुद्दाच कळत नाही."

असा वाद आमच्या लग्नात पाण्याच्या मोटारीवरूनही झाला नव्हता. दोन दिवस घरात 'हो', 'नाही' आणि 'ठेवलंय तिथं' एवढीच भाषा चालू होती. मी एकदा म्हणून पाहिलं, की अगं, ते खरे नाहीत. त्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यात हार्कन बरा.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या धनुष्यासाठी मी एक हिमाच्छादित खोरं तुडवलं, पाच ठिकाणी थांबून एका झारीत पाणी भरलं, धनुष्य मिळवलं आणि किल्ल्यात जाऊन हार्कनला संपवलं. चार वेळा मी संपलो, पाचव्यांदा तो. रात्रीचा एक वाजला होता. मी सेव्ह केलं, दिवा घालवला आणि अंथरुणावर पडलो.

"झालं?" अंधारातून प्रश्न.

"झालं. बाप मेला."

"आणि आई?"

"आईचं काय?"

"तिला सांगितलंस का? ती तिकडे बसली असेल ना लपून. आता ये म्हणून नको सांगायला?"

सांगणं सक्तीचं नसतं, खेळ केव्हाच पुढे गेलेला असतो, हे मी समजावू पाहिलं. उत्तर आलं नाही. पांघरूण मात्र सगळं तिकडे गेलं. मी उठलो. यंत्र लावलं. किल्ला, जिना, आईची खोली, तो माळ, तोच कडकडाट. व्हॅलेरिकाला गाठून निरोप दिला, की तो गेला, आता घरी या. ती आली. दुसऱ्या दिवशी किल्ल्यात डोकावलो, तर बाई आपल्या जुन्या खोलीत परतलेल्या. मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिने पाहिलं. समाधान वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "आता ती बाग?"

त्या वाफ्यांना पाणी घालायची सोय खेळात नाही, हे तिला अजून पटलेलं नाही. मी नीट शोधत नाही, असं तिचं म्हणणं आहे.