वशिला नव्हे, तोंडओळख

नवऱ्याची बदली झाली म्हणून मी परक्या शहरात आले. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तिथल्या हवेची आणि घरभाड्याचीच चर्चा सुरू होते. नऊ वर्षं अकाउंट्समध्ये काढलेली, कामाचा परवाना हातात, त्यामुळे दोन महिन्यांत कुठेतरी चिकटू असं वाटलं होतं. अकरा महिने लागले. त्यातले निदान सात माझ्या हट्टापायी गेले, असं आता माझं स्पष्ट मत आहे.

हट्ट असा, की नोकरी मिळवायची ती स्वतःच्या सीव्हीवर. कुणाला सांगून ठेवणं, कुणाला शब्द टाकायला लावणं म्हणजे वशिला, आणि वशिला लावतो त्याच्या अंगात काही नसतं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून रोज सकाळी लॅपटॉप उघडायचा, संध्याकाळी मिटायचा. सगळे अर्ज एक्सेलमध्ये मांडले होते (सवय जात नाही): तारीख, कंपनी, पद, उत्तर. शेवटचा रकाना जवळजवळ रिकामाच. 'अर्जाबद्दल आभारी आहोत' अशी आपोआप येणारी मेल सुरुवातीला मी नवऱ्याला कौतुकाने वाचून दाखवायचे. चौथ्या महिन्यानंतर उघडायचीही सोडून दिली.

आपलं नाव बघूनच सीव्ही बाजूला टाकत असतील, ही शंका मला यायची आणि मी स्वतःलाच दटावायचे, की कारणं शोधू नकोस. पण शंका अगदीच खुळी नव्हती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट सीव्ही पाठवले होते. पात्रता सारखीच, फक्त नावं वेगळी. गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्यांना कृष्णवर्णीयांची वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. म्हणजे ज्या कागदावर मी सगळी भिस्त ठेवली होती, तो पहिल्याच ओळीवर अडकू शकतो.

मग आपली माणसं काय करत होती? भरपूर करत होती. मराठी ग्रुपमुळे डॉक्टर मिळाला, जुना पलंग मिळाला, रडू आलं तेव्हा फोनवर तासभर ऐकणारी मैत्रीण मिळाली. घरमालक पगाराची स्लिप मागतो आणि पगार देणारा आधी पत्ता मागतो, त्या चक्रातून मार्गही तिथल्याच एकीने दाखवला. पण नोकरीची म्हणाल तर एकच जाहिरात पाच जणांकडून फॉरवर्ड होऊन यायची. सगळे एकाच वर्तुळातले, जे मला ठाऊक तेच त्यांनाही ठाऊक. वर एकाने 'पैसे भरले की काम लावून देणारा माणूस' सुचवला. तसल्या माणसापासून दूरच राहा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७च्या करारातही खासगी एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये, हाच नियम आहे.

नोकरीची खबर जवळच्या वर्तुळातून कमी आणि सैल ओळखीतून जास्त येते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी कधीच दाखवून दिलं होतं, मला फार उशिरा कळलं. १९७३च्या त्यांच्या शोधनिबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांचे आकडे आहेत: ती ओळख वरचेवर भेटणाऱ्या माणसाची होती, असे जेमतेम १७ टक्के. बाकीच्यांना ज्याने सांगितलं, तो अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा होता. पुढे २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगातही साधारण तेच निघालं, एक बारकावा सोडून: अगदी पुसट ओळखीपेक्षा मधली, जराशी सैल ओळख जास्त कामी येते. आपल्याकडे याला किती नेमका शब्द आहे, तोंडओळख! वशिल्यात माणूस आपलं वजन वापरतो. तोंडओळखीत तो फक्त खबर देतो.

माझी तोंडओळख इमारतीच्या तळघरात झाली, सगळ्यांच्या सामायिक वॉशिंग मशीनपाशी. ड्रायरची चाळीस मिनिटं संपायची वाट बघत एक बाई बसलेल्या असायच्या. कित्येक आठवडे फक्त मान हलवणं. एकदा त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं, 'सध्या काही नाही.' त्या दिवशी का कोण जाणे, मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाले, 'मी अकाउंटंट आहे, काम शोधतेय.' त्या मोजे जुळवता जुळवता म्हणाल्या, माझ्या दिराच्या ऑफिसात एकजण बाळंतपणाच्या रजेवर चाललीय, विचारू का?

एवढंच. पुढे रीतसर मुलाखत झाली, समोर बसवून बँकेचा ताळमेळ जुळवून घेतला, एक चूक मी केली आणि मीच शोधली. काम सहा महिन्यांच्या बदलीचं होतं, मुदत संपल्यावर त्यांनी ठेवून घेतलं.

आता कुणी 'बाहेर पड, लोकांशी बोल' म्हणालं की मला अजूनही थोडा राग येतो. तान्हं मूल कडेवर आणि भाषा येत नाही, तिने कुठे बाहेर पडायचं? तिला वाचनालयातला मोफत भाषावर्ग, मुलांची बाग, असलं काहीतरी जवळचंच शोधावं लागतं, आणि ते सोपं नाही. पण 'सध्या काही नाही' हे उत्तर मात्र आजपासून बंद करा. मी ते सात महिने देत होते, आणि ऐकणाऱ्याने ते खरंच मानलं तर त्याची काय चूक?

बाईंचं आडनाव मला पहिला पगार झाल्यावर कळलं, लेटरबॉक्सवरच्या पाटीवरून.