काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नसते ओ!

आपल्या बेळगाव-खानापूरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "ज्या पायात दुखतंय त्याच बाजूच्या हातात काठी धरा, आधार मिळतो". हे उलटं आहे. उजवा गुडघा दुखत असला तर काठी डाव्या हातात, आणि दुखरा पाय पुढं पडतो तेव्हाच काठीपण पुढं टेकायची, म्हणजे भार वाटला जातो. त्याच बाजूला धरली तर माणूस दुखऱ्या पायावरच कलंडतो, आमचे मामा खडेबाजारात असेच वाकडे वाकडे चालायचे, हात बदलल्यावर चार दिवस गोंधळले आणि मग म्हणाले, हे आधी का नाही सांगितलंस रे!

उंचीचंपण बघा की. चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचा, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे, धरल्यावर कोपर जरासं वाकतं. मामांची काठी कमरेच्या वर जात होती, ती कापून घेतली. खालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं असेल तर लगेच बदला, पावसात शहाबादी फरशीवर सरकतंय ते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.