अठरा जीबीचा गणपती

आमचं घर देवगड तालुक्यातलं, गणपती सात दिवसांचा, आणि यंदा पुण्याच्या पुतण्याने भजनाची बारी, फुगड्या, आरत्या, विसर्जन सगळं फोर-केमध्ये शूट केलं. एकूण १८ जीबी. आता मुंबई, डोंबिवली, पुणे, मस्कत सगळीकडून एकच मागणी, "व्हिडिओ पाठव, पण क्लिअर पाठव". मेलवर २५ एमबीच्या वर जात नाही, फुकटच्या क्लाउडवर १५ जीबीला दार बंद, आणि मेसेजमधून व्हिडिओ म्हणून पाठवला की आमच्या काकूची नऊवारी आणि मागचं मखर एकाच रंगाचं दिसतं. पुतण्या म्हणाला टोरंट करूया.

काका एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर. हिशोब जुळल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "म्हणजे फाईल नक्की आसा कोणाकडे?"

"सगळ्यांकडे थोडी थोडी."

"मगे पुरी कोणाकडे?"

"आत्ता फक्त आपल्याकडे. नंतर सगळ्यांकडे."

काकांनी पुतण्याकडे असं बघितलं की जणू त्याने विदाऊट तिकीट प्रवास केलाय.

मग लेक्चर झालं, ते मी जसं ऐकलं तसं सांगतो. १९९९ साली शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजच्या पोराने नॅप्स्टर काढलं, त्यात गाणी लोकांच्याच कॉम्प्युटरवर, पण कोणाकडे काय आहे त्याची यादी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर, त्यामुळे कोर्टाचा दणका बसला तेव्हा २००१ मध्ये ती यादी गेली आणि सगळंच गेलं. त्याच २००१ मध्ये ब्रॅम कोहेनने बिटटोरंट आणलं. त्यात मोठ्या फाईलचे तुकडे करायचे, आमच्या गणपतीचे ४ एमबीचा एक असे ४६०८ झाले, आणि ज्याला जो तुकडा मिळाला तो त्याने लगेच दुसऱ्याला द्यायला लागायचं, पूर्ण फाईल यायची वाट बघत बसायचं नाही. ज्याच्याकडे सगळी फाईल तो सीडर, बाकीचे पीअर. कोणाकडे काय आहे हे एकमेकांना विचारूनच कळतं, आणि पहिली ओळख करून द्यायला ट्रॅकर असतो, नाहीतर डीएचटी, म्हणजे तीच यादी पण हजारो कॉम्प्युटरांत वाटून ठेवलेली. प्रत्येक तुकड्याचा एसएचए-१ हॅश, म्हणजे त्या तुकड्यावरून गणिताने काढलेला अंगठ्याचा ठसाच म्हणा, आधीच काढलेला असतो, आलेला तुकडा त्याच्याशी जुळला नाही तर फेकून पुन्हा मागवायचा.

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "ह्या तर रापणीसारख्या झाला. दोरी ओढतलो त्याका वाटो."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मासळीचं जाळं. पुतण्याला इतका आनंद झाला की तो रात्रभर तेच सांगत सुटला. खरंच आहे म्हणा, क्लायंट, म्हणजे टोरंट चालवणारं ॲप, दर दहा सेकंदांनी बघतो की आपल्याला कोण जास्त देतंय आणि त्यांनाच आपण देतो. फक्त अधूनमधून, साधारण तीस सेकंदांनी, एखाद्या नव्या माणसालाही फुकट देऊन बघतो, कारण आल्याआल्या त्याच्याकडे देण्यासारखं काहीच नसतं. काकांना हा फुकट देण्याचा भाग अजिबात पटला नाही.

आमच्या अपलोडला ५ एमबीपीएस, म्हणजे एक अख्खी कॉपी बाहेर जायलाच आठ तासांच्या वर. पण एकदा गेली की पुढचं डोंबिवली पुण्याला देईल, पुणे मस्कतला देईल, आपण आडवं पडायचं. कागदावर फार सुंदर.

फॅमिली ग्रुपवर टोरंट फाईल टाकली. एका तुकड्याचा हॅश २० बाइट्स, म्हणून ४६०८ तुकड्यांची ती फाईल जेमतेम ९० केबीची, तिच्यात गणपती नाही, गणपतीच्या तुकड्यांची नुसती यादी. हे वाचणार कोण! पाच मिनिटांत मुंबईच्या आत्याचा फोन, "अरे, व्हिडिओ उघडत नाही आणि एवढासाच कसा?" मग एकेकाला फोनवर क्लायंट टाकायला शिकवा, त्यात कोणी भलत्याच हिरव्या डाउनलोडच्या बटणावर दाबतो, कोणाच्या फोनमध्ये जागाच नाही कारण त्यात गुड मॉर्निंगचे सूर्य भरलेत. डोंबिवलीच्या दादाला वेगळीच भीती, "हे बेकायदेशीर नाही ना रे?" त्याला सांगितलं, बाबा, लिब्रेऑफिसवाले, कित्येक लिनक्सवाले स्वतःच टोरंट देतात, गुन्हा पद्धतीत नाही, दुसऱ्याचा पिक्चर वाटण्यात आहे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने. आणि इथे उतरवता उतरवता आपण वाटतही असतो, त्यामुळे मी फक्त घेतलं हे चालत नाही. आपला गणपती आपलाच. पण आयपी ॲड्रेस, म्हणजे आपला इंटरनेटवरचा पत्ता, बाकीच्यांना दिसतो म्हटल्यावर त्याने पुन्हा तासभर फोन बंद ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची प्रगती ९६.४ टक्के. सगळ्यांची. कमी नाही, जास्त नाही. मस्कतलाही तेवढंच. मधे तपासायला कोणीतरी फाईल उघडली तर भजनीबुवांच्या तोंडावर हिरवे चौकोन आणि टाळ चालू, कारण तुकडे ओळीने येत नाहीत, जो सगळ्यात कमी जणांकडे असेल तो आधी मागवायचा अशी रीत, म्हणजे एखादा निघून गेला तरी दुर्मिळ तुकडा त्याच्याबरोबर जाऊ नये. पण जो तुकडा घराबाहेरच पडला नाही तो कोण कोणाकडे मागणार? उरलेले १६६ तुकडे फक्त आमच्या माजघरातल्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप बंद.

"रात्रभर ता घरघर घरघर करी होता," काकू म्हणाली, "मी बंद केलंय. आणि लोकांनी घेवचा ता आमच्या लायटीवर?"

चालू केला. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, लाईट गेली, आली, शंभर. आणि शंभर झाल्या क्षणी एकेक जण क्लायंट बंद करून पसार. धन्यवाद नाही, सीडिंग नाही, म्हणजे पुरी फाईल मिळाल्यावर दुसऱ्याला देत राहणं नाही. आत्याने तर ॲपच काढून टाकलं, जागा लागते म्हणून. मस्कतवाला ९९.१ वर लटकलेला, त्याला द्यायला पुन्हा आम्हीच.

पण काकांना तोवर रेशो नावाचा कॉलम सापडला होता. दिलेलं भागिले घेतलेलं. एक म्हणजे बरोबरी. स्क्रीनवर नुसते आयपी ॲड्रेस, म्हणून त्यांनी एकेकाला फोन करून "तुझ्या क्लायंटात रेशो किती दाखवता" असं विचारलं आणि तिकिटाच्या वेबिलासारखे आडवे-उभे रकाने आखून वहीत उतरवलं. "ह्यो डोंबिवलीवालो अठरा घेवन बसलो आणि दिल्यान किती? पाव!"

आता ते पुढच्या चतुर्थीच्या वर्गणीबरोबर प्रत्येकाची थकबाकी वसूल करणार आहेत, जीबीमध्ये. डोंबिवलीच्या दादाने काल रात्री गपचूप क्लायंट पुन्हा टाकून सीडिंग सुरू केलंय, पण घेणारं कोणी उरलेलंच नाही, त्यामुळे त्याचा रेशो काही हलत नाही, आणि तो मला विनवतोय की जरा फाईल डिलीट करून माझ्याकडून परत उतरव ना.