‘शुगरवाल्याने फटफटी सोडावी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘शुगर पेशंटने दुचाकी आजच बंद करावी.’ खाली पाच मुद्दे आहेत. शुगरवाल्याला गाडीवर कधीही घेरी येते. त्याचं लायसन कायद्याने बाद होतं आणि अपघात झाला तर विमाही मिळत नाही. पायाला मुंग्या येणाऱ्याला ब्रेक लागत नाही. चालवायचीच असेल तर खिशात चॉकलेट ठेवा आणि त्या दिवशी गोळी किंवा इन्शुलिन घेऊ नका. शेवटी, एसटीला सवलत आहे, पोराच्या मागे बसता येतं, मग हट्ट कशाला?

माझं तालुक्याच्या गावी मेडिकलचं दुकान आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. हा मेसेज मोबाइलवर उघडून काउंटरवर ठेवणारे रोज येताहेत. कोणी विचारतो, ‘भाऊ, आता गाडी इकून टाकू काय?’ कोणी विचारतो, ‘गोळी बंद केली तं चालते काय?’ मला धास्ती आहे ती या दुसऱ्याची. गाडी आणि औषध यांतलं एकच ठेव म्हटलं, तर ज्याचं वावर गावापासून दोन कोस आहे तो कास्तकार गाडीच ठेवणार. म्हणून मुद्दे एकेक करून घेतो.

‘शुगर असली की गाडीवर कधीही घेरी येते’

कोणाला? मेसेज हे विचारतच नाही. मधुमेह असलेल्याला गाडीवर सगळ्यात मोठी भीती असते शुगर एकदम खाली जाण्याची, म्हणजे ७० मिलिग्रॅमच्या आत येण्याची. हातपाय थरथरतात, छाती धडधडते, घाम सुटतो, नंतर डोकं काम करेनासं होतं. पण आजार स्वतःहून शुगर वर नेतो, तिला इतकं खाली नेतं ते औषध, आणि तेही सगळंच नव्हे. इन्शुलिन नेतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लायबेनक्लामाइड या घराण्यातल्या गोळ्या नेतात, कारण पोटात अन्न असो-नसो, त्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याची शुगर अशी कोसळणं विरळ. सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन यांपैकी एखादी एकटी चालू असेल, तरी तसंच.

अडचण अशी की आपण काय घेतो हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. ‘एकच गोळी आहे, सकाळची,’ असं सांगतात. गोळ्यांची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली की त्या एका गोळीत मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड निघतं, कधी तिसरं वोग्लिबोजही. गाडी ठेवायची की सोडायची, या प्रश्नाला हात घालायचा तो पट्टीच्या मागच्या बाजूपासून. वाचता येत नसेल तर दुकानदाराला वाचायला लावा, ते त्याचं कामच आहे. वय झालेल्यांनी आणि किडनी कमजोर असलेल्यांनी तर जास्तच जपावं. त्यांच्या अंगात या गोळ्यांचा असर लांबतो, ग्लायबेनक्लामाइडचा विशेष.

‘कधीही’ हा शब्दही खोटा आहे. शुगर खाली जायच्या वेळा बऱ्याचशा ओळखीच्या असतात. सकाळी गोळी आणि कपभर चहा घेऊन निघालेला माणूस दिवसभर डवरणी करतो किंवा कापसाची गाठोडी उचलतो, आणि शिदोरी सोडतो दुपारी दोनला. मेहनतीने शुगर उतरते, आणि काम थांबल्यावरही काही तास उतरत राहते. म्हणजे सांजच्याला पांदणीतून घरी येताना, काम संपलं म्हणून आपण निर्धास्त असतो, तेव्हाच सांभाळायचं. उपासाचंही तेच. श्रावण सोमवार धरायचा, गोळी पूर्ण घ्यायची आणि वर शेगावपर्यंत गाडी काढायची, हे तिन्ही एका दिवशी जमत नाही. उपास धरण्याआधी डोस डॉक्टरांना विचारून घ्यावा. दारूबद्दल वेगळं काय सांगू? जिल्हा दारूबंदीचा असो की नसो, ती मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. ती यकृताला साखर सोडू देत नाही, आणि ‘लो’ झालेला, म्हणजे शुगर खाली गेलेला माणूस व प्यालेला माणूस बघणाऱ्याला सारखेच दिसतात. लोक हसतात, साखर कोणी देत नाही.

इशारा ओळखण्यात आपल्याकडे आणखी एक मेख आहे. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल अशा बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या धडधड आणि थरथर दाबून टाकतात. घाम तेवढा उरतो. आता मे महिन्यात ४५ अंशांत पांढरकवड्याच्या रस्त्यावर घामावरून कोण काय ओळखणार? तिथे अंगाच्या इशाऱ्यांवर न राहता शुगर मोजायच्या मशीनवर (ग्लुकोमीटरवर) जावं लागतं.

त्यासाठी ब्रिटनमधला नियम मला सोपा वाटतो. तिथे इन्शुलिन घेणाऱ्याने निघण्याआधीच्या दोन तासांत शुगर तपासायची आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा. आपल्या मापात ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं. रस्त्यात लो झाली तर गाडी थांबवून उपाय करायचा, आणि आकडा जागेवर आल्यावरही ४५ मिनिटं गाडी चालवायची नाही, कारण मेंदू रक्तापेक्षा उशिरा ताळ्यावर येतो. आपल्याकडे ही ४५ मिनिटं कोणी पाळत नाही. बिस्किट खाल्लं, पाणी प्यालं, किक मारली. वावरात जाणाऱ्याला हे बसवायचं तर एक तपासणी घरून निघताना, दुसरी परतताना. मशीनच्या एका पट्टीला साधारण पंधरा-वीस रुपये पडतात, रोज दोन म्हटलं तर खिशाला लागतंच. मग निदान मेहनतीच्या, उपासाच्या आणि डोस बदललेल्या दिवशी तरी करा. मशीन मात्र गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. उन्हाळ्यात तिथे मशीन, पट्ट्या आणि इन्शुलिन तिन्ही बिघडतात.

काहींच्या बाबतीत मात्र मेसेजचं म्हणणं खरं आहे, आणि ते मी झाकणार नाही. बरीच वर्षं इन्शुलिन घेणाऱ्या काहींना शुगर पन्नासवर आली तरी काहीच जाणवत नाही. थरथर नाही, धडधड नाही, थेट डोळ्यांपुढे अंधार. अशांनी चावी ठेवून द्यावी. गेल्या वर्षभरात जागेपणी शुगर इतकी खाली गेली की दुसऱ्याने तोंडात साखर घालावी लागली, असं ज्याचं झालं असेल, त्यानेही तूर्त ठेवावी आणि डॉक्टरांकडे जावं. ‘तूर्त’ मी मुद्दाम म्हटलं. डोस बदलून काही महिने शुगर खाली जाऊ दिली नाही, तर अनेकांचा गेलेला इशारा परत येतो. तो परतला की डॉक्टरांशी बोलून पुन्हा ठरवता येतं.

‘लायसन बाद होतं, विमा मिळत नाही’

मोटार वाहन कायदा १९८८ चा. लायसनसाठी जो नमुना १ भरतो त्यात फेफरं, अचानक शुद्ध हरपणं, भोवळ येणं यांबद्दल प्रश्न आहे आणि लोकांना धोका होईल असा दुसरा कोणता आजार आहे का, असाही आहे. मधुमेहाचं नाव घेऊन बंदी कुठेही नाही. चाळिशीनंतर डॉक्टरांचा नमुना १-अ लागतो. तो न तपासता सही होऊन येतो हे आपलं दुर्दैव, नाहीतर हा सगळा हिशेब तिथेच झाला असता.

पण म्हणून कायदा अगदी मोकळा सोडतो असंही नाही. आपल्या आजाराने लोकांना धोका आहे हे माहीत असूनही गाडी चालवली तर कलम १८६ लागतं. पहिल्यांदा १००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी २००० पर्यंत. म्हणजे कायदा विचारतो ते हेच की तुला धोका माहीत होता का. वारंवार लो होणाऱ्याला ‘माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही.

विम्याचं थोडक्यात. ज्याला आपली गाडी लागली त्याची भरपाई नाकारायला विमा कंपनीला कोणती कारणं पुढे करता येतात, ती कायद्यातच मोजून दिली आहेत. लायसन नसणं त्यात आहे, नुसती शुगर असणं नाही. फॉर्मवर आजाराबद्दल विचारलं असेल तर मात्र खरं लिहा. लपवलेली गोष्ट पुढे अंगावर येते.

‘मुंग्या येणाऱ्याला ब्रेक लागत नाही’

हा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि नेमका महत्त्वाचा अर्धा त्यात नाही. मुंग्या येतात तोवर पायाला निदान काही कळतंय. वाईट दिवस येतात ते मुंग्या थांबून पाय बधिर झाल्यावर. चालताना पायातली चप्पल निसटली आणि खाली पाहिल्यावरच कळलं, असं होत असेल, तर उजवा पाय मागच्या ब्रेकवर किती जोराने दाबला हेही कळणार नाही. सायलेन्सरला पोटरी टेकून भाजली तरी पत्ता लागत नाही, आणि ती जखम महिनोन्महिने चिघळते. डॉक्टर नायलॉनचा दोरा तळपायाला टेकवून बघतात, कंप पावणारा चिमटा अंगठ्याला लावतात. दोन मिनिटांची तपासणी आहे, स्वतः सांगून करून घ्या.

यात एक मधला रस्ता आहे, तो मेसेजवाल्याला सुचलाच नाही. मोटरसायकलचा गिअर डाव्या पायात आणि मागचा ब्रेक उजव्या पायात. बिनगिअरच्या स्कूटीचे दोन्ही ब्रेक हातात. बधिरपणा सुरुवातीचा असेल आणि गाडी थांबवून पाय टेकताना तोल राहत असेल, तर स्कूटी काढता येते. ‘बायांची गाडी’ म्हणून हसणारे हसोत. तोलच जात असेल तर मात्र तीही नको. आणि चप्पल घालून कोणतीच नको, बंद बूट घाला.

डोळ्यांबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. मला तर पायाइतकाच डोळा महत्त्वाचा वाटतो. शुगरने पडदा खराब होतो, आणि त्यावर भरपूर लेझर झालेलं असेल तर बाजूचं आणि अंधारातलं कमी दिसतं. समोरचं ठळक दिसतं, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. आपल्याकडच्या रस्त्यावर रोही आणि रानडुक्कर समोरून येत नाहीत, बाजूच्या तुरीतून येतात. असा डोळा असलेल्याने दिवे लागायच्या आत घरी यावं. इन्शुलिन नवीन सुरू केल्यावर काही आठवडे चष्म्याचा नंबर हलतो, धूसर दिसतं. तेवढे दिवस गाडी बाजूला ठेवा, नवा चष्माही लगेच करू नका. आणि पडदा तपासायला सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरला ‘मेडिकल’मध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) जाल तर एकटे गाडीवर जाऊ नका. बाहुली मोठी करायचं औषध डोळ्यात घातलं की काही तास उजेड सहन होत नाही. तशा डोळ्यांनी भर दुपारी गाडी हाकत परतणारे मी पाहिलेत.

‘खिशात चॉकलेट ठेवा, त्या दिवशी गोळी टाळा’

सगळ्या मेसेजमध्ये ही ओळ सर्वांत घातक. चॉकलेट आणि पेढा दोन्हींत स्निग्ध पदार्थ असतो, म्हणून साखर सावकाश चढते. लो झालेल्याला लागते झपाट्याने चढणारी: १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पावडरचे साधारण तीन चमचे, पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. ग्लुकोज नसेल तर साखरेचं पाणी चालतं, पण ज्यांच्या गोळीत वोग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांनी साखरेवर भिस्त ठेवू नये. ही औषधं घरच्या साखरेचं आतड्यात विघटन होणंच अडवतात, त्यामुळे ती वेळेवर रक्तात पोचत नाही. त्यांना ग्लुकोजच लागतं. पट्टी उलटी करून वाचा म्हणालो ते यासाठीही. पुडी डिक्कीत नको, शर्टाच्या खिशात हवी.

आणि गोळी टाळणं? शुगर चढली की धूसर दिसतं, गळाठा येतो, दर दोन मैलांवर लघवीला थांबावं लागतं. लहान वयापासून इन्शुलिनवर असलेल्या पोराने ते बंद केलं, तर रक्तात आम्ल वाढून त्याच्या जिवावर बेतू शकतं. लो होण्याची भीती वाटते तर डोस किंवा गोळी बदलून घ्या. शुगर खाली न नेणाऱ्या गोळ्या आहेत, काही बऱ्यापैकी स्वस्तही झाल्यात. ‘मला रोज गाडी चालवावी लागते’ हे वाक्य डॉक्टरांसमोर बोला. त्यांना ते कोणी सांगतच नाही.

‘एसटीला सवलत आहे, पोराच्या मागे बसा’

सवलत आहे. पंचाहत्तरीच्या पुढे फुकट, पासष्टनंतर अर्धं तिकीट, बायांना २०२३ पासून अर्धं. पण गाडी आली तर सवलत. सकाळी एक आणि संध्याकाळी एक फेरी असलेल्या गावात तिकीट अर्धं असो की शून्य, धुऱ्यावर एसटी जात नाही. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही. आणि पोरगा पुण्याला असतो.

असला तरी मागे बसणं सुरक्षितच आहे असं कोणी धरून चालू नये. ज्याची शुगर न कळवता कोसळते तो मागच्या सीटवरूनही पडतो, आणि पुढच्याला ते तो पडल्यावरच कळतं. बाबा बोलता बोलता गप्प झाले, असंबद्ध बोलायला लागले, खांद्यावर रेलले, की गाडी तिथल्या तिथे थांबवायची. शुद्धीवर असतील, गिळता येत असेल तर ग्लुकोज पाजायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. कुशीवर निजवायचं, १०८ ला फोन लावायचा आणि ‘शुगर पेशंट आहे, बेशुद्ध आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.