बोर्डाची परीक्षा मोडू नका, तपासणी उघडी करा : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

कॉपीमुक्त अभियानाच्या बाजूने मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही चांगल्याच चिडून लिहिलंय, आणि तुमचा राग मला समजतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : भरारी पथकं, ड्रोन, बाहेरच्या शाळांचे पर्यवेक्षक हा सगळा दारावरचा पहारा झाला, आत तपासणीतच गोंधळ असेल तर त्याचा उपयोग काय? तुमच्या भाचीला पुनर्मूल्यांकनात मराठीचे नऊ गुण वाढून मिळाले. तेव्हा दहावीची बोर्डाची परीक्षा बंद करा, गुण शाळेलाच वर्षभराच्या कामावरून देऊ द्या.

तपासणीबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला मान्य आहे. त्यावरचा उपाय मात्र अजिबात मान्य नाही.

शाळेच्या हाती गुण दिले की काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. 2018 चा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. पुढच्या वर्षी भाषांचे, शाळेनेच द्यायचे तोंडी परीक्षेचे 20 गुण बंद केले आणि निकाल 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम त्या वर्षी नवा होता, हे खरं. पण 2020 मध्ये अभ्यासक्रम तोच राहिला, शाळेचे 20 गुण परत आले आणि निकाल थेट 95.30 टक्के! लॉकडाऊनमुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले, पण एवढी मोठी उडी एका पेपरची नसते. शाळेकडून 20 पैकी 20 मिळाले, तर पास व्हायला लेखी परीक्षेत 80 पैकी 15 गुण पुरतात.

2021 मध्ये तर तुम्ही म्हणता तोच प्रयोग झाला. कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. 50 गुण नववीच्या निकालावरून आणि 50 दहावीच्या शाळेतल्या कामावरून. निकाल 99.95 टक्के. गुण देण्याची ही पद्धत ठरवतानाच अकरावीच्या प्रवेशासाठी सरकारने वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, जाहीर केली होती, ती ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. स्वतः ठरवलेल्या पद्धतीच्या गुणांवर सरकारलाच प्रवेश देववत नव्हते, हे त्यातून दिसलं.

यात मी शिक्षकांना दोष देत नाही. मी स्वतः वर्गावर उभा राहिलेला माणूस आहे. शाळेचा निकाल किती टक्के लागला यावर संस्थाचालकांचं लक्ष असतं, गावात पालक रोज समोर भेटतात, पुढच्या वर्षीचा पट त्यावर ठरतो. अशा वेळी सरपंचाच्या मुलाला 20 पैकी 11 द्यायचे कोणी? आणि त्याच वर्गात ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलगी असते, वर्षातले काही महिने तिची शाळाच बुडालेली असते. वर्षभराच्या कामावरून मोजलं तर ती आधीच मागे. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो. तपासणाऱ्याला तिचं नाव दिसत नाही, आडनाव दिसत नाही, बाप काय करतो हे माहीत नसतं. दहा वर्षांच्या शाळेत तिला ओळख न पाहता वाचणारा माणूस बहुधा इथे पहिल्यांदा भेटतो. ते मोडायला मी कधीच तयार होणार नाही. आणि शेजारच्या खोलीत कोणी कॉपी पुरवत असेल, तर पहिला फटका तिलाच बसतो. पहारा लागतो तो यासाठी.

आता तुमच्या भाचीचे नऊ गुण. निबंध, पत्रलेखन, कवितेचं रसग्रहण यांत दोन परीक्षकांचे गुण वेगळे पडणारच. नियामक, म्हणजे परीक्षकांच्या कामावर देखरेख करणारे शिक्षक, काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतात ते त्याचसाठी. पण नऊचा फरक हा मताचा फरक नव्हे. बहुतेक वेळा एखादं उत्तर तपासायचंच राहिलेलं असतं किंवा घाईघाईत वाचलेलं असतं. 2025 च्या मार्चमध्ये विरारला एका घरी आग लागून बारावीच्या उत्तरपत्रिका जळाल्या, तेव्हा त्या घरात कशा, असा प्रश्न सगळ्यांना पडला. तपासणी शाळेत, ठरलेल्या वेळेत, नियामकांच्या समोर व्हायला हवी, आणि तेवढे तास शिक्षकांना इतर कामांतून मोकळं करायला हवं. स्क्रीनवर तपासलं की सगळं सुटेल असं मात्र मला वाटत नाही. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये पुरेशा तयारीविना ते केलं, निकाल कित्येक महिने रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावं लागलं.

खरा अन्याय तुमच्या प्रतिक्रियेतल्या एका ओळीत आहे, आणि त्यावर तुम्ही थांबला नाहीत : भाचीच्या बाबांनी पैसे भरले म्हणून ते गुण मिळाले. 1984 मध्ये आपल्याच राज्य मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका न दाखवण्याचा नियम योग्य ठरवला होता. 2011 मध्ये सीबीएसईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की, तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला माहिती अधिकारात पाहता येते. तरी अलीकडच्या वर्षांत उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला विषयामागे 400 रुपये आणि पुढे पुनर्मूल्यांकनाला 300 रुपये लागतात. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्जही करता येत नाही, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत तो करावा लागतो. म्हणजे मंडळाची चूक शोधायला 400 आणि दुरुस्त करायला 300. ऊसतोडीच्या घरातली मुलगी दोन विषयांचे 1400 रुपये कुठून आणणार? तिचे नऊ गुण तसेच राहतात, आणि ते राहिले हे कोणाला कळतही नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे : निकालाबरोबर प्रत्येकाला आपली तपासलेली उत्तरपत्रिका मोफत पाहता यावी. पुनर्मूल्यांकनात गुण वाढले तर भरलेला प्रत्येक रुपया परत मिळावा. आणि किती विषयांत किती गुण बदलले, हे नऊही विभागीय मंडळांनी दरवर्षी निकालासारखंच जाहीर करावं. असं निवेदन विभागीय मंडळाला द्यायचं माझ्या मनात आहे. भाचीची छायाप्रत आणि बदललेले गुण तिचं नाव झाकून जोडायला तुमची हरकत नसेल, तर इथेच कळवा.