राडारोडा, नग एक

गेल्या आठवड्यात सोसायटीने माझ्या नावाची पाचशे रुपयांची पावती फाडली. कारणाच्या रकान्यात सेक्रेटरीकाकांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय : ‘गच्चीवर राडारोडा टाकणे (लाकडी). नग १.’

तो नग म्हणजे माझ्या इलेक्ट्रिक गिटारचं धड.

गिटार फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर मॉडेलच्या घाटाची, सेकंडहँड आणि रफ फिनिशची. म्हणजे रंग नाहीच, वरून नावापुरता मॅट लॅकरचा हात, लाकडाच्या रेषा बोटांना लागतात. मला तेच आवडलं होतं. चकचकीत गिटारवर पॉलिएस्टरचा जाड थर असतो, त्यात आपलं तोंड दिसतं, लाकूड दिसत नाही. सगळे भाग सोडवून उरलासुरला लॅकर काचपेपरने काढला, जवसाचं तेल चोळलं आणि धड गच्चीतल्या कपड्यांच्या तारेला टांगलं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घट्ट होत जातं. त्याला वारा लागतो आणि सवड लागते. वारा होता. सवड सोसायटीने दिली नाही. संध्याकाळी वर गेलो तर तार मोकळी.

काका खाली पार्किंगमधल्या आपल्या टेबलामागे बसले होते. ते विजेच्या खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे इमारतीत कुठेही वायर दिसली की ती आपल्याच अखत्यारीत येते असं धरून चालतात. टेबलाशेजारी, कुणाच्या तरी तुटक्या कमोडच्या झाकणाला टेकवून, माझं धड उभं होतं.

“तो स्विचबोर्ड तुझा का रे?”

“काका, गिटार आहे ती.”

“मला शिकवू नकोस. आमच्या वाड्यात असेच लाकडी बोर्ड होते. हे बघ, इथे स्विच बसायचे, इथे फ्यूज, आणि ही वायर अजून लोंबतेय. उघडी वायर, गच्चीत, कुरडयांच्या शेजारी!”

कुरडया काकूंच्या होत्या. हा तपशील पुढे लागेल.

लोंबणारी वायर ब्रिजच्या अर्थिंगची होती. वीजवाल्या माणसाला वीज समजावून सांगू नये, पण मी सांगायला बसलो. म्हटलं, काका, ब्रिज धातूचा, तारा त्यावर टेकतात, ही वायर त्याला जॅकच्या, म्हणजे गिटारची केबल खुपसतात त्या भोकाच्या, अर्थशी जोडते. म्हणून वाजवताना तारांना हात लागला की अँपमधली (अँप्लिफायरमधली) गुणगुण कमी होते.

काकांनी चष्मा काढला. “हात लावला की आवाज जातो?”

“कमी होतो.”

“म्हणजे तू अर्थिंगचा पाइप.”

“तसं नाही काका, आपलं अंग अँटेनासारखं...”

“अरे, उभी नोकरी खात्यात गेली, माणसाचं अर्थिंग केलेलं पाहिलं नाही. म्हणजे पाहिलंय, पण ते पंचनाम्यात.”

गुणगुणीचं दुखणं खरं आहे. गिटारचा साधा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली एक कॉइल. ती तारांचं कंपन पकडते आणि घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झही तितक्याच आवडीने पकडते. आमचा इन्व्हर्टर चालू झाला की माझ्या अँपमधून विठ्ठलाच्या देवळातल्या तंबोऱ्यासारखा अखंड सूर लागतो. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५मध्ये उपाय काढला : शेजारी शेजारी दोन कॉइल, उलट गुंडाळलेल्या, चुंबकही उलट. गुणगुण एकमेकींत जिरते, तारांचा आवाज मात्र बेरजेत येतो. हाच हंबकर. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने आपल्या टेलिकास्टरला गळ्याजवळ तो बसवून घेतला, मग मीही बसवायचा ठरवला. त्यासाठी भोक मोठं करायला सुताराकडे गेलो, तर तो म्हणाला, “दिवा बसवायचाय का आतून?” पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ५०० किलोओहमचा पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग, मागितला, तर दुकानदाराने विचारलं, “कोणत्या मिक्सरचा?” आपल्याकडे हे काम करणाऱ्याला आधी खुलासा द्यावा लागतो, मग वस्तू मिळते.

काकांना मात्र विजेपेक्षा रंगाने जास्त छळलं होतं. त्यांनी धडावरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली, रुमालाला पुसली.

“जवस?”

“हो.”

“जवसाची चटणी करतात. आणि रंग कधी लावणार?”

“नाही लावणार. असंच ठेवायचंय.”

“पैसे संपले का?”

हा प्रश्न त्यांनी इतक्या मायेने विचारला की मला राग आवरता येईना, आणि मी त्यांना इतिहास सांगितला. फेंडर कंपनी १९९५पासून नवीकोरी गिटार मुद्दाम घासून, टवके उडवून, ‘रेलिक’ म्हणून विकते आणि तिची किंमत चकचकीत गिटारपेक्षा जास्त लावते.

“नवी वस्तू जुनी करून? जास्त पैशाला?” काका खुर्चीत मागे रेलले. “आमची लुना साडेसातशेला गेली भंगारात. टवके सगळे खरे होते.”

मग मी हुकुमाचा पत्ता काढला. रोरी गॅलाघर. आयर्लंडचा गिटारवादक. फेंडरचीच १९६१ सालची स्ट्रॅटोकास्टर गिटार त्याने १९६३मध्ये कॉर्कच्या एका दुकानातून शंभरेक पौंडांना घेतली आणि आयुष्यभर वाजवली. त्याच्या घामाने तिचा रंग जवळजवळ सगळा उडाला.

“आंघोळ करत नव्हता का?”

“काका, ती गिटार २०२४मध्ये लंडनला लिलावात जवळपास नऊ लाख पौंडांना गेली. आता आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे.”

“रुपयात सांग.”

“नऊ कोटींच्या वर.”

काका गप्प झाले. धडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत धडाकडे पाहिलं. मला वाटलं, जिंकलो. आता पावती फाडून टाकतील, कदाचित चहा सांगतील.

“आणि रंग लावला असता तर?” काका म्हणाले.

याला उत्तर नाही. पाचशे रुपये दिले.

तिथेच मिरजेची सतार उभी असती तर काकांनी चपला काढल्या असत्या. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, अगदी योग्य झालं. पण मला कुणी सांगा, तिकडचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणून महिनोन्‌महिने वाळत ठेवतात, तेव्हा त्या भोपळ्याला कुणी राडारोडा म्हणतं का? वाद्य पुरं होईपर्यंत ते कुठेतरी अर्धवट पडलेलं असणारच. आपल्याला पुरी झालेली वस्तू दाखवा, नाहीतर दंड भरा.

दंडाचंही मी सोडून दिलं असतं. पण तेल पुसलेलं फडकं मी तारेवर मुद्दाम पसरून वाळत घातलं होतं. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून ठेवलं तर वाळताना होणारी उष्णता आतच कोंडते आणि ते आपोआप पेटू शकतं. हे कुठल्याही रंगकाम करणाऱ्याला विचारा. सफाईच्या उत्साहात त्याचा बोळा झाला, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला आणि पिशवी गेली मीटररूममध्ये. मी हात घातला तेव्हा बोळा कोमट होता. काका म्हणाले, “उन्हाळा आहे रे, सगळंच कोमट असतं.” वीजवाला माणूस. मीटररूम. मी पिशवी उचलून नळाखाली धरली, तर पाणी वाया घालवतो म्हणून बोलणी खाल्ली.

आणि दुसऱ्या मजल्यावर खजिनदारांचं बाथरूम निघालंय, त्याच्या फुटक्या टाइल्स आणि सिमेंटची पोती दिवाळीपासून माझ्या पार्किंगमध्ये पडली आहेत. त्याची पावती कुठे आहे? विचारलं, तर म्हणाले, ते काम चालू आहे. माझं काय संपलं होतं?

लेखी तक्रार दिली. उत्तर म्हणून काल सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आली. विषय क्रमांक ७ : ‘गच्चीवर तेलकट लाकडी वस्तू वाळत घालणेबाबत धोरण ठरवणे (पापड, कुरडया, सांडगे वगळून).’ खाली पेनने माझ्यासाठी टीप आहे : ‘सभासदाने सदर वस्तू सभेस सोबत आणावी. शक्यतो पॉलिश करून.’