आमचं घर कोणत्या रकान्यात?

माझी भाची नागपुरात समाजशास्त्रात एम.ए. करते. परवा फोनवर वैतागली होती. "मामा, इथं दोनच पक्ष आहेत. एक म्हणतो, जातनिहाय जनगणना होऊ द्या, दूध का दूध होऊन जाईल. दुसरा म्हणतो, सरकारी आकडे नुसते कागद. वस्तीत फिराल तेच खरं."

मला दोन्ही पटत नाही. माझे आजोबा नागपुरातल्या इंदोऱ्याचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी बाबासाहेबांसमोर दीक्षा घेतली आणि १९६१ च्या जनगणनेत 'बौद्ध' असं अभिमानानं नोंदवलं. १९५१ साली महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारही नव्हते; १९६१ ला ते २७ लाखांवर गेले. दारोदार फिरणाऱ्या एकट्या अभ्यासकाला एवढं मोठं स्थित्यंतर कधीच दिसलं नसतं. आजोबा आज मुलाखत द्यायला नाहीत, पण त्यांची नोंद त्या बेरजेत आहे. दुय्यम सामग्रीचं, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच गोळा केलेल्या आकड्यांचं, हे बळ मी कुणाला हलकं लेखू देणार नाही.

आता तेच तक्ते पुढं वाचा. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचं प्रमाण १९८१ ला ७.१ टक्के, १९९१ ला ११.१. दहा वर्षांत लोकसंख्या अशी फुगत नाही. १९९० साली कायदा बदलला, बौद्धांनाही अनुसूचित जातींत धरलं जाऊ लागलं. आमच्या घरात माणसं तीच होती, रकाना बदलला. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी त्या दोन आकड्यांवर अख्खा प्रबंध उभा करेल, आणि तो चुकीचा असेल.

इथं इंग्लंडमध्येही रकाने बदलतात. जनगणनेत वांशिक गट १९९१ ला पहिल्यांदा विचारला, 'मिश्र' हा पर्याय २००१ ला आला. पण १९६७ पासून एसेक्स विद्यापीठातला संग्रह सर्वेक्षणांच्या आकड्यांसोबत प्रश्नावल्या आणि व्याख्याही जपतो. आधी त्या वाचायच्या, मग आकडे, ही सवय मला इथं लागली.

आपल्याकडं २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीत जातींची नावं ४६ लाखांवर गेली. १९३१ च्या जनगणनेत ती ४,१४७ होती. ती नावं कोण, कशी एकत्र करणार, हे २०२७ च्या जातनिहाय जनगणनेच्या आकड्यांबरोबरच छापलं जावं, ही मागणी नागपुरातून जोरात व्हायला हवी.

भाचीला म्हटलं, १९८१ आणि १९९१ च्या प्रगणकांना दिलेल्या सूचना आधी शोध. आणि तुझ्या आजीला विचार, १९९१ ला प्रगणक दारात आला तेव्हा जातीच्या प्रश्नावर तिनं काय सांगितलं.